वटवाघूळ म्हातारं का होत नाही?

"सर, उंदीर दोन वर्षांत मरते, अन् तेवढंच वटवाघूळ इतके वर्षं कसं जगते जी?" मी ब्रह्मपुरीकडे जीवशास्त्र शिकवतो, त्यामुळे हा प्रश्न वर्गात येतो तसा पानठेल्यावरही येतो. पानठेल्यावर तर उत्तरही तयार असतं: देवानं श्वास मोजून दिले, उंदीर ते भराभरा उडवतो. १९२८ मध्ये रेमंड पर्ल हा शास्त्रज्ञही साधारण हेच म्हणत होता. पण वटवाघूळ या हिशेबात बसत नाही. उडताना त्याचं काळीज उंदरापेक्षा कमी धडधडत नाही, तरी सायबेरियात खूण करून सोडलेलं जेमतेम सात ग्रॅमचं एक वटवाघूळ ४१ वर्षांनी जिवंत सापडलं.

तेव्हा श्वास सोडा, मारणारे मोजा. धान कापणीला आलं की धुऱ्यावर उभं राहून बघा. बिळाच्या तोंडाशी धामण, वर कापशी घार, अंधार पडला की घुबड. त्यातून वाचून घरात शिरला तर मांजर. उंदीर म्हातारा व्हायला उरतोच कुठे? उतारवयात घात करणारा जनुकातला दोष निसर्गाची निवड गाळणार कशी? तो दोष बाहेर पडायच्या आत उंदीर धामणीच्या पोटात गेलेला असतो. जीवशास्त्रज्ञ पीटर मेडावर यांनी हे १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला मांडलं. १९५७ मध्ये जॉर्ज विल्यम्स आणखी पुढे गेले: तरुणपणी भरपूर पिल्लं देणारा जनुक म्हातारपणी बाधला तरी टिकतो. उंदरीण वीसेक दिवसांत विते. वटवाघळीला बहुतेक जातींत वर्षाला एकच पिल्लू. पण तिला पंख आहेत, देवळाच्या अंधारात छताला लटकायची सोय आहे. शरीराची डागडुजी करत बसणं तिला परवडतं.

माझा आवडता पुरावा मात्र अमेरिकेतला. स्टीव्हन ऑस्टॅड यांनी सॅपेलो बेटावरच्या ओपॉसमचा अभ्यास केला. पिल्लं पोटाच्या पिशवीत वाढवणारा हा प्राणी एरवी दोन वर्षांत थकतो. बेटावर त्याला खाणारं जवळपास कुणी नव्हतं आणि काही हजार वर्षं तो तिथे वेगळा पडलेला. तिथले ओपॉसम उशिरा म्हातारे होत, शेपटीतले तंतू जास्त काळ लवचीक राहत, एका वेताची पिल्लंही कमी.

आपल्या शिवारात बघायचं तर वारूळ आहेच. उधईची राणी मातीच्या पोटात सुरक्षित, ती दहा वर्षांहून जास्त जगू शकते. तिच्याच पोटचे कामकरी बाहेर पडले की मुंग्या टिपतात, सरडे टिपतात, कोंबड्याही. त्यांचं आयुष्य राणीच्या पासंगालाही पुरत नाही.