निकालवही, ऑगस्ट २०२४ : 'फरक' नावाचा नवा रकाना आणि बरीच खाडाखोड

जुलैची नोंद टाकताना म्हणालो होतो की ऑगस्टपासून वहीत एक रकाना वाढवतोय. महिना संपला. रकाना टिकला, पण त्यात जेवढी खाडाखोड झाली तेवढी गेल्या नऊ वर्षांत मिळून झाली नसेल.

नव्यानं वाचणाऱ्यांसाठी थोडक्यात. मी सोलापुरात टॉवेलच्या कारखान्यात दिवाणजी आहे. दिवसभर सूत, डझन, उचल, बाकी. संध्याकाळी तसल्याच लांब खतावणीत जगभरातले निकाल उतरवतो. तारीख, ठिकाण, खेळ, कोण विरुद्ध कोण, निकाल, शेरा. कडेला एक अक्षर: 'पा' म्हणजे पाहिलं, 'ऐ' म्हणजे ऐकलं, 'वा' म्हणजे वाचलं. नवा रकाना 'फरक'. तो का काढला, तर २९ जुलैला पॅरिस ऑलिम्पिकमध्ये नेमबाज अर्जुन बाबुता चौथा आला आणि मी सवयीनं 'पदक नाही' लिहून मोकळा झालो. खालच्याच ओळीत पहिल्या फेरीत बाहेर पडलेल्या एकाच्या नावापुढंही 'पदक नाही'. दोघं एकाच मापात. हिशेबाच्या माणसाला हे खुपायला पाहिजे, तसं खुपलं.

पहिला घोळ पहिल्याच दिवशी. १ ऑगस्ट, गुरुवार, दुपारी एकची वेळ, कारखान्यात जेवणाची सुट्टी. कांबळवाडीचा स्वप्नील कुसाळे ५० मीटर रायफलच्या तीन पोझिशनमध्ये फायनलला. मोबाइल सुताच्या कोनाला टेकवून आम्ही पाच-सहा जण बघत होतो, डबे तसेच उघडे. गुडघ्यावरच्या नेमानंतर सहावा, झोपून मारल्यावर पाचवा, आणि उभ्यानं मारताना वर सरकत सरकत तिसरा. ४५१.४ गुण, कांस्य. खाशाबा जाधवांनी १९५२ साली हेलसिंकीला कांस्य आणलं होतं, त्यानंतर महाराष्ट्राच्या माणसाला वैयक्तिक ऑलिम्पिक पदक मिळायला ७२ वर्षं लागली. मास्तर लूम बंद करून आले नि म्हणाले, "रेल्वेतला टीसी की ओ हा!" मग अर्धा तास मध्य रेल्वेवरच गप्पा.

रात्री वही उघडली. सुवर्ण चीनच्या लिऊ युकुनचं, ४६३.६. वजा केलं आणि 'फरक'मध्ये १२.२ लिहून टाकलं. झोपताना डोक्यात आलं, हे साफ चूक आहे. या फायनलमध्ये आठही जणांचे ४० नेम होतात, मग खालचे दोघं बाहेर, आणि पुढं प्रत्येक नेमाला एकेक जण कमी. म्हणजे तिसरा आलेला ४४ नेमांवर थांबतो, पहिला ४५ मारतो. एक जास्तीचा नेम धरून वजाबाकी केली, तर माल घेतला ४४ डझन आणि बिल लावलं ४५ डझनाचं, अशी गत. उठून खोडलं. नियम ठरला: जिथं एकेक जण गळत जातो तिथं फरक लिहायचा नाही, आडवी रेघ मारायची. (नेमबाजीचं ठिकाण 'पॅरिस' असं लिहिणाऱ्यांसाठी: या स्पर्धा शातोरूला झाल्या, पॅरिसपासून बऱ्याच लांब. माझ्याही वहीत आधी पॅरिसच होतं.)

२ तारखेला नवीन रकान्यानं पहिला शून्य पाहिला. कोलंबोत भारत-श्रीलंका वनडे, श्रीलंका २३०, भारत ४७.५ षटकांत सर्वबाद २३०. पंधरा चेंडू हातात, एक धाव हवी, आणि श्रीलंकेच्या असलंकानं लागोपाठच्या दोन चेंडूंवर दुबे आणि अर्शदीप दोघांना पायचीत केलं. फरक: ०. त्याच दिवशी हॉकीत ऑस्ट्रेलियाला ३-२, ऑलिम्पिकमध्ये १९७२ नंतर पहिल्यांदा. वनडेच्या पुढच्या दोन्ही मॅच हरलो, ३२ आणि ११० धावांनी. त्यावर मी शेरा लिहिलेला नाही, लिहिणारही नाही.

आता तारखेचा प्रश्न. इथं आपल्यातल्या बऱ्याच जणांचं अडतं म्हणून सविस्तर सांगतो. पॅरिसचं घड्याळ उन्हाळ्यात आपल्या साडेतीन तास मागं. पुरुषांची १०० मीटरची फायनल तिकडं ४ ऑगस्टला रविवारी रात्री ९.५०ची, म्हणजे सोलापुरात सोमवार, ५ तारीख, पहाटेचं १.२०. श्रावणातला पहिला सोमवार. आई पहाटे सिद्धेश्वरला जायचं म्हणून लवकर निजलेली. आणि नेमकी ती रात्र आमच्या गल्लीची पाण्याची निघाली. किती दिवसांनी येणार आणि किती वाजता येणार हे सोलापूरकराला विचारू नका, आलं की उठायचं एवढंच माहीत. एक वाजून दहा मिनिटांनी नळ फुसफुसला. मोटर लावली, पहिलं बॅरल भरलं, पाइप दुसऱ्यात टाकला. टीव्हीवर आठ जण ब्लॉकमध्ये वाकलेले दिसत होते आणि पाइप बॅरलातून उसळून बाहेर पडला. तो पकडून परत खोचेपर्यंत शर्यत संपलेली. दहा सेकंदसुद्धा लागत नाहीत हो त्याला.

रिप्ले मात्र मन भरून पाहिले. नोआ लाइल्स ९.७९, किशान थॉम्पसन ९.७९. मी ओल्या हातानं 'फरक ०' लिहिलं, कोलंबोच्या शून्याखाली दुसरा शून्य. मग पडद्यावर हजारांश आले: ९.७८४ आणि ९.७८९. पाच हजारांश सेकंद. तीस मीटरला लाइल्स आठांत शेवटी होता. रेषेवर डोकं, हात, पाय धरत नाहीत, छाती धरतात, आणि त्याची छाती आधी पोचली. आणखी एक गोष्ट त्या पानावर आहे: आठवा आलेला ऑब्लिक सेव्हिलसुद्धा ९.९१. आठही जण दहाच्या आत, वारा नियमात. माझ्या जुन्या पद्धतीत सेव्हिल 'आठवा' एवढाच उरला असता. अक्षर? बराच विचार करून 'पा' लिहिलं, आणि कंसात 'रिप्ले'. आई हंडा घेऊन मागं उभी होती. "कोण हरलं?" म्हणाली. सांगितलं, पाच हजारांशानं. "मग काय हरलं म्हणायचं त्याला," म्हणून ती पाणी भरायला गेली.

तर ठरवलं ते असं: तारीख जिथं खेळ झाला तिथली, सोलापूरची वेळ शेऱ्यात. भालाफेकीनं हे पक्कं केलं. ८ तारखेची फायनल आपल्याकडं रात्री ११.५५ला सुरू झाली, म्हणजे दुसरी फेरी येईपर्यंत इकडं ९ तारीख, नागपंचमी, लागलेली. अर्शद नदीम ९२.९७, नवा ऑलिम्पिक विक्रम. आधीचा थोरकिल्डसनचा ९०.५७, बीजिंग २००८. नीरज चोप्रा ८९.४५, रौप्य, आणि सहांतल्या बाकी पाचही फेकी फाउल. फरक ३.५२ मीटर. महिन्यातला हा सगळ्यात स्वच्छ फरक. इथं कुणाचं नशीब, कुणाचा निर्णय काढायला जागा नाही.

सात तारखेचं पान मला परत लिहावं लागलं. विनेश फोगाट, ५० किलो. ६ तारखेला एका दिवसात तीन कुस्त्या. पहिलीच युई सुसाकीशी, जी आंतरराष्ट्रीय मॅटवर एकदाही हरलेली नव्हती. शेवटचे सेकंद उरेपर्यंत ०-२ मागं, आणि ३-२नं जिंकली. मग लिवाच ७-५, मग गुझमान ५-०. तीन ओळी, तिन्हीपुढं 'पा', हाफ डे टाकला होता. दुसऱ्या दिवशी दुपारी बातमी आली की सकाळच्या वजनात १०० ग्रॅम जास्त. कुस्तीचा नियम सरळ आहे, दुसऱ्या दिवसाचं वजन चुकलं की क्रमवारीत सगळ्यात शेवट. म्हणजे आदल्या दिवशीच्या तिन्ही कुस्त्या कागदावर कुठं मोजायच्याच नाहीत. गुझमान तिच्या जागी फायनल खेळली, सुसाकी रेपेचाजमधून, म्हणजे फायनलला गेलेल्यांकडून हरलेल्यांना मिळते त्या दुसऱ्या संधीतून, कांस्य घेऊन गेली.

मी आधी तिन्ही ओळींवर तिरपी रेघ मारली होती, जमाखर्चात रद्द पावतीवर मारतो तशी. संध्याकाळी कोपऱ्यावरच्या किराणा दुकानात तालमीतला एक जुना मित्र भेटला. "काय बे, ती जिंकली का नाही परवा?" जिंकली. "मग रेघ कशाला मारतो?" दुकानाच्या तागडीत शंभर ग्रॅमचा फरक रोजच असतो, तो आम्ही दोघं त्या वेळी बघतच होतो. घरी येऊन पान नव्यानं उतरवलं: तीन विजय जसेच्या तसे, चौथी ओळ 'स्पर्धेबाहेर, फरक १०० ग्रॅम'. क्रीडा लवादानं १४ तारखेला तिचा अर्ज फेटाळला, ती पाचवी ओळ. वही माझी आहे, अधिकृत क्रमवारी हवी असेल त्यांनी ती बघावी.

७ तारखेच्याच रात्री मीराबाई चानू वेटलिफ्टिंगच्या ४९ किलोत १९९ किलो उचलून चौथी. तिसरी २००. फरक १ किलो. एकाच तारखेखाली ग्रॅम आणि किलो असे दोन्ही आले तेव्हा बराच वेळ त्या पानाकडं बघत बसलो.

अविनाश साबळेच्या ३ हजार मीटर स्टीपलचेसच्या (अडथळ्यांच्या शर्यतीच्या) फायनलला लाईट गेली. रात्री एकच्या सुमाराला, पंखा थांबला तेव्हाच कळलं. सकाळच्या पेपरात काही मिळणार नव्हतं, आमच्याकडं येणारा अंक रात्री लवकरच छापून सुटतो. मोबाइलवर वाचलं: अकरावा, ८:१४.१८. 'वा'. विजेत्या एल बक्कालीशी फरक ८.१३ सेकंद. पण मांडव्याच्या या पोरानं महिनाभर आधी, ७ जुलैला, पॅरिसमध्येच ८:०९.९१ काढले होते, राष्ट्रीय विक्रम. स्वतःशीच फरक ४.२७. हा दुसरा आकडा मी लाल शाईनं लिहिला आणि तिथून रकान्याला पोटरकाना फुटला: 'स्वतःशी'.

त्यात महिनाअखेर पाच नोंदी झाल्या. डुप्लांटिसच्या दोन सगळ्यात मजेशीर. ५ तारखेला पॅरिसमध्ये पोलव्हॉल्टला ६.२५, आधीचा विक्रम त्याचाच ६.२४. मग २५ तारखेला पोलंडमध्ये ६.२६. सोनं कधीच खिशात पडलेलं असताना माणूस एकेक सेंटीमीटर वर चढवतोय, आमच्या शेटजींनी मजुरी वाढवावी तसा. नीरज लोझानला २२ तारखेला ८९.४९, शेवटच्या फेकीवर, पॅरिसपेक्षा चार सेंटीमीटर जास्त. तिथं पहिला अँडरसन पीटर्स, ९०.६१.

काही पटकन. हॉकी कांस्य, स्पेन २-१, दोन्ही गोल हरमनप्रीतचे, श्रीजेशची शेवटची मॅच. अमन सेहरावत ५७ किलो कांस्य, १३-५. सिफान हसन मॅरेथॉन २:२२:५५, दुसरीला ३ सेकंद मागं टाकून, आणि त्याच्या आधी तिनंच ५ हजार आणि १० हजारमध्ये कांस्य घेतलेलं होतं. क्युबाचा मिहाइन लोपेझ, ग्रीको-रोमन १३० किलो, २००८पासून लागोपाठ पाचवं सुवर्ण, फायनल ६-०. नंतर बूट काढून मॅटवर ठेवून गेला. शेऱ्यात फक्त 'बूट' लिहिलंय, एवढं पुरे.

११ तारखेला बायकांच्या बास्केटबॉलची फायनल, पॅरिसची शेवटची स्पर्धा. अमेरिका ६७, फ्रान्स ६६. वेळ संपता संपता गॅबी विल्यम्सनं लांबून बॉल टाकला, आत गेला, घरात आम्ही ओरडलो. तिचा पाय तीन गुणांच्या रेषेवर होता. दोनच गुण. रेषेच्या मागं असती तर बरोबरी. आणि या एका गुणानं अमेरिकेची सुवर्णं ४० झाली, चीनचीही ४०. हे एकात एक अडकलेले फरक कुठल्या रकान्यात घालायचे, कुणी सुचवलं तर हवं आहे. सध्या बाण काढलाय, पान भयंकर दिसतंय.

क्रिकेटचं एकक अजून सुटलेलं नाही. रावळपिंडीत पाकिस्ताननं ६ बाद ४४८वर डाव सोडला, रिझवान १७१वर नाबाद. बांगलादेशनं ५६५ केले, मुशफिकूर १९१, मग पाकिस्तान १४६त गारद. बांगलादेशचा पाकिस्तानवर पहिला कसोटी विजय, १० विकेटनी. पण दहा विकेट हा फरक थोडाच आहे, ते तर काय शिल्लक राहिलं ते. माझ्या मते धावांचा विजय आणि विकेटचा विजय एका रकान्यात मांडूच नयेत. तरी मांडलेत, कारण पान संपत आलं होतं.

३० तारखेला पॅरालिम्पिकमध्ये अवनी लेखरा, १० मीटर एअर रायफल, २४९.७, सुवर्ण. पॅरालिम्पिक विक्रम. आधीचा तिचाच, टोकियोचा २४९.६. लाल शाई, ०.१. मोना अग्रवाल त्याच फायनलमध्ये कांस्य. ३१ला लॉर्ड्सवर जो रूटचं ३४वं कसोटी शतक, इंग्लंडसाठी सर्वाधिक, कुकला एकानं मागं टाकून.

खर्च: एक वही, दोन निळी रिफिल, एक लाल. ओलं झालेलं ५ तारखेचं पान इस्त्रीखाली घातलं, शाई पसरली पण ९.७८४ वाचता येतं. रावळपिंडीची दुसरी कसोटी पहिला दिवस पावसात वाहून गेला आणि ३१ला रात्री बांगलादेश बिनबाद १०, म्हणून शेवटची ओळ 'पुढील पानावर'.