नुसत्या ईएल३४ नं पन्नास वॅट मिळत नाहीत

व्हॉल्व्ह अ‍ॅम्प (काचेच्या व्हॅक्यूम ट्यूबवर चालणारा) घेताना किंवा बांधताना पहिला प्रश्न ठरलेला: हा व्हॉल्व्ह किती वॅटचा? डेटाशीटवर जो वॅटचा आकडा ठळक दिसतो तो आवाजाचा नसतोच. प्लेट, म्हणजे व्हॉल्व्हमधला करंट जिथे पोचतो तो धातूचा भाग, किती उष्णता सोसेल, त्याचा तो आकडा. ईएल८४ या व्हॉल्व्हला १२, ईएल३४ ला २५, ६एल६जीसी ला ३०. स्पीकरपर्यंत किती पोचणार हे प्लेटवरचं व्होल्टेज, आउटपुट ट्रान्सफॉर्मर आणि व्हॉल्व्ह एकटा चालतोय की जोडीनं, यावर ठरतं.

ईएल८४ च घ्या. एकटा, क्लास ए मध्ये (व्हॉल्व्ह पूर्ण वेळ चालू), २५० व्होल्ट आणि ४८ मिलिअँपिअरवर. गुणाकार बरोबर १२ वॅट, म्हणजे प्लेट आधीच काठावर. ५.२ किलोओहमच्या लोडला ५.७ वॅट मिळतात, पण १० टक्के डिस्टॉर्शनसकट (आवाजातली विकृती). हेच दोन व्हॉल्व्ह ३०० व्होल्टवर, ८ किलोओहमच्या ट्रान्सफॉर्मरला पुश-पुल (उलट-सुलट जोडीनं) लावले की १७ वॅट. दुपटीनं नाही, तिपटीनं. ही जोडी क्लास एबी मध्ये चालते: सिग्नल मोठा झाला की दोघं आळीपाळीनं ओझं उचलतात, शांत असताना करंट कमी ठेवता येतो आणि उरलेली मुभा मोठ्या सिग्नलला वापरता येते.

३००बी हा व्हॉल्व्ह एकटा चालवला तर जेमतेम ८ वॅट देतो आणि खिसा रिकामा करतो. ८८ डेसिबलच्या स्पीकरवर (एका वॅटला एका मीटरवर इतका आवाज) ८ वॅट म्हणजे एका मीटरवर ९७ डेसिबल. ८० वॅटचा अ‍ॅम्प आणलात तरी १०७ च. त्यापेक्षा ९५ डेसिबलचा स्पीकर शोधा. ७ डेसिबल, म्हणजे पाचपट वॅट, तिथेच पदरात पडतात.

सॉकेट सारखं आहे म्हणून ६एल६ च्या जागी ईएल३४ खुपसणारे बरेच आहेत. ६एल६जीसी चा हीटर (कॅथोड, म्हणजे इलेक्ट्रॉन सोडणारा भाग, तापवणारी तार) ०.९ अँपिअर घेतो, ईएल३४ चा १.५. जोडीला १.२ अँपिअर जास्त. पॉवर ट्रान्सफॉर्मर तापणार. शिवाय ईएल३४ ची सप्रेसर ग्रिड (प्लेटजवळची जाळी) पिन १ वर येते, ती पिन ८ ला, म्हणजे कॅथोडला, जोडावी लागते. फेंडरच्या कित्येक जुन्या गिटार अ‍ॅम्पमध्ये पिन १ मोकळी म्हणून तिच्यावर ग्रिडचा रेझिस्टर टेकवलेला असतो. तो आधी हलवा.

आता बायस, म्हणजे ग्रिडला (करंट आवरणाऱ्या जाळीला) उणे व्होल्टेज देऊन सिग्नल नसतानाचा करंट ठरवणं. कॅथोड आणि ग्राउंडमध्ये १ ओहमचा, १ टक्केवाला रेझिस्टर घाला. मीटरवर जितके मिलिव्होल्ट, तितके मिलिअँपिअर. फिक्स्ड बायसच्या अ‍ॅम्पला प्लेटच्या मर्यादेच्या ७० टक्क्यांचा हिशोब चालतो: ईएल३४ ला १७.५ वॅट, प्लेटवर ४४० व्होल्ट असतील तर ४० मिलिअँपिअर. कॅथोडच्या आकड्यात स्क्रीन ग्रिडचे थोडे मिलिअँपिअर धरलेले असतात, त्यामुळे प्लेटवर प्रत्यक्षात कमीच जातात. बायस हलवला की प्लेटचं व्होल्टेजही हलतं, म्हणून परत मोजा. हे सगळं स्पीकर किंवा ८ ओहमचा जास्त वॅटेजचा रेझिस्टर लावूनच. आउटपुट मोकळं ठेवून सिग्नल दिला तर ट्रान्सफॉर्मरच्या प्रायमरीवर व्होल्टेज उसळतं आणि इन्सुलेशन किंवा सॉकेट जळतं.

प्लेट लाल दिसली की लगेच बंद करा. बहुतेक वेळा कपलिंग कॅपॅसिटर (आधीच्या टप्प्याचा सिग्नल ग्रिडला देणारा) गळत असतो किंवा बायसचा सप्लाय गेलेला असतो. आउटपुट व्हॉल्व्ह काढून (मुख्य व्होल्टेज चढेल, फिल्टर कॅपॅसिटरची मर्यादा पाहा) पिन ५ वर, म्हणजे ईएल३४ किंवा ६एल६ च्या ग्रिडवर, बायस मोजा. दोन्ही सॉकेटना सारखा उणे आकडा यायला हवा. एक शून्याकडे सरकलेला असेल तर त्या बाजूचा कॅपॅसिटर बदला, ६३० व्होल्टचा फिल्म. सप्लायच गेला असेल तर दोन्हीकडे आकडा पडलेला दिसेल. सोल्डरिंगआधी मुख्य फिल्टर कॅपॅसिटर १० किलोओहम, १० वॅटच्या रेझिस्टरनं रिकामा करा आणि मीटरनं खात्री करा. बंद केल्यावरही तिथे ४०० व्होल्ट बसलेले असतात.

२२० व्होल्टचं टॅपिंग (ट्रान्सफॉर्मरची मेन्सची जोडणी) असलेला जुना अ‍ॅम्प २४० वर लावला की हीटर ६.३ चा ६.९ होतो, प्लेटही नऊ टक्के वर. दुरुस्तीच्या टेबलावर लावलेला बायस अशा घरात चालत नाही. प्लगवरचं व्होल्टेज मोजून तिथेच लावा.