मेल वचना रे!

आषाढातला सोमवार. सकाळी साडेनऊला गोव्यातल्या फोंड्याच्या एका ऑफिसातून फोन आला: "मेल वचना रे!" म्हणजे मेल जात नाही. बावीस माणसांचं ऑफिस, मेल इकडून तिकडे नेणारा पोस्टफिक्स आणि ती प्रत्येकाच्या पेटीत ठेवणारा डव्हकॉट, असा साधा मेल सर्व्हर, सांभाळतो मी. पाऊस धो-धो कोसळत होता, त्यामुळे मी पोचेपर्यंत निदान होऊन गेलं होतं: नेट स्लो. मालकांनी दुसऱ्या कनेक्शनचा ॲडव्हान्ससुद्धा भरला होता.

मीही काही फार शहाणपणा केला नाही. गेल्या वर्षी अशाच तक्रारीत दोष डीएनएसचा, म्हणजे नावावरून सर्व्हरचा पत्ता शोधणाऱ्या यंत्रणेचा, निघाला होता, म्हणून याही वेळी आधी तिकडेच धावलो. दीड तास वाया.

मग निमूट लॉग वाचायला बसलो. पोस्टफिक्स दर मेलच्या ओळीत 'डिलेज' म्हणून चार आकडे लिहितो. मेल आत येऊन रांगेला लागेपर्यंतचा वेळ, रांगेतला वेळ, पुढच्याशी जोडणी व्हायला लागलेला वेळ (डीएनएस यातच मोजला जातो) आणि मेल पोचवायला लागलेला वेळ. समोर होतं १२/०.१/०.०२/२९. एका टेबलावरून शेजारच्या टेबलावर गेलेली मेल, आणि एक्केचाळीस सेकंद! तिसरा आकडा साफ. जड होते ते पहिला आणि चौथा, आणि दोन्हीकडे मेल डिस्कवर लिहिली जाते.

सर्व्हर कशात गुंतलाय ते दाखवणारा 'टॉप' लावला. लोड १४, म्हणजे चौदाएक कामं चालू किंवा ताटकळलेली, पण सीपीयू काम करतच नव्हता. त्याचा सत्तर टक्के वेळ डिस्कची वाट बघण्यात जात होता. डिस्कचा वेग दाखवणाऱ्या 'आयओस्टॅट'मध्ये एकेका लिखाणाला १८० मिलिसेकंद.

डिस्क मात्र ठणठणीत. खोट निघाली रेड कार्डावरच्या, म्हणजे सर्व्हरच्या डिस्क एकत्र सांभाळणाऱ्या कार्डावरच्या, बॅटरीत. ही बॅटरी जिवंत असते तोवर कार्ड डेटा आपल्या मेमरीत घेऊन लगेच 'झालं' म्हणतं आणि डिस्कवर मागाहून सावकाश उतरवतं. ती मेली की कार्ड जोखीम घेत नाही, प्रत्येक लिखाण थेट डिस्कवर. डिस्क मिनिटाला ७,२०० फेरे घेणारी, म्हणजे सेकंदाला जेमतेम १२०, आणि प्रत्येक लिखाण फेऱ्याची वाट बघत थांबतं. आणि मेल सर्व्हरचा हट्ट असा की मेल खरोखर डिस्कवर उतरल्याशिवाय 'मिळाली' म्हणायचं नाही. एका मेलमागे अशी कितीतरी लिखाणं. त्यात रविवारी रात्री सुरू झालेला बॅकअप सकाळीही रेंगाळलेला.

बॅटरी नसतानाही मेमरी वापरायची सक्ती कार्डावर करता येते. एका कमांडचं काम, आणि मेल लगेच पळायला लागली असती. पण पावसाळ्यात फोंड्यात लाईट जाते कशी हे मी लहानपणापासून बघतोय. ऑफिसातला यूपीएस तर दहा मिनिटंही धड टिकत नाही. हात आवरला. बॅकअप रात्री लवकर सुरू केला, तेवढ्याने चौथा आकडा सात-आठवर आला, आणि मुंबईहून बॅटरी यायची वाट बघत बसलो.

गुरुवारी आली. जुनी काढली तर एका बाजूने फुगलेली. नवी चार्ज व्हायला दुपार गेली. संध्याकाळी लिखाणाचा वेळ दोन मिलिसेकंदांच्या आत.

मालकांना म्हटलं, "बाब, नेटचा काही दोष नव्हता. दुसरं कनेक्शन रद्द करूया?"

त्यांनी खिडकीबाहेर बघितलं. "आसूं," म्हणाले, "पावसांत उपकाराक पडटलें." राहू दे, पावसात उपयोगी पडेल.