आमची वाटचाल : ट्रकच्या खेपेकडून बार्जच्या खेपेकडे

आमची फर्म लहान आहे. सुरुवात ट्रकने झाली. आज मुख्य काम बार्जने, म्हणजे सपाट तळाच्या मालनौकेने, नदीतून सुटा माल नेण्याचे: खडी, कोळसा, धान्य, खत. ट्रक अजून आहेत, पण ते धक्क्यापर्यंत आणि धक्क्यापासून पुढे एवढ्याच कामाला. हा बदल करताना जे हिशेब आणि ज्या पद्धती बसवल्या त्या इथे मांडतो आहोत, म्हणजे माल देणाऱ्याला आपला माल पाण्याने जाण्यासारखा आहे की नाही हे स्वतः ठरवता येईल.

भारतातल्या जलमार्गांच्या सरकारी कागदपत्रांत एक आकडा नेहमी दिसतो. १ लिटर इंधनात १ टन माल रस्त्याने २४ किलोमीटर जातो, रेल्वेने ९५ आणि अंतर्देशीय जलमार्गाने २१५. आकडा चांगला आहे, पण तो फक्त पाण्यावरच्या प्रवासाचा. आम्ही दारापासून दारापर्यंत मोजतो. समजा रस्त्याने अंतर २६० किलोमीटर आहे, तर टनामागे सुमारे ११ लिटर लागले. नदीने ३०० किलोमीटर म्हणजे १.४ लिटर. दोन्ही टोकांना ट्रकचे २०-२० किलोमीटर धरले तर आणखी १.७, आणि चढ-उतार करणाऱ्या यंत्रांचे अर्धा लिटर. एकूण साडेतीन-चार. बार्ज रिकामी परतली तर त्यात सुमारे १ लिटर वाढतो. इथे एक गोष्ट लक्षात येते: नदीतल्या ३०० किलोमीटरपेक्षा ट्रकचे ४० किलोमीटर जास्त इंधन खातात. म्हणून चौकशी आली की आम्ही आधी विचारतो, माल धक्क्यापासून किती लांब आहे? नदीची लांबी नंतर. टोकांचे अंतर ६०-६० किलोमीटर झाले आणि थेट रस्ता १५० किलोमीटरचाच असला, तर तो माल रस्त्यानेच जावा असे आम्ही स्पष्ट सांगतो.

यानंतरचा सगळा धंदा खोलीवर उभा आहे. ८५ मीटर लांब, ९.५ मीटर रुंद आणि २.५ मीटर ड्राफ्टची (ड्राफ्ट म्हणजे पाण्याखाली बुडणारी खोली) बार्ज पूर्ण भरली की साधारण १,३५० टन घेते, म्हणजे २५ टनी ट्रकच्या ५४ खेपा. पण या आकाराच्या बार्जमध्ये ड्राफ्टचा प्रत्येक सेंटीमीटर सुमारे ७ टनांचा असतो. तळाखाली ३० सेंटीमीटर पाणी राखायचे तर पूर्ण भारासाठी पात्रात २.८ मीटर हवे. पाणी २.२ मीटरवर आले की ड्राफ्ट १.९ मीटर, आणि भार ९२० टनांच्या आसपास. तळ खडकाळ असेल तर आम्ही ३० ऐवजी ५० सेंटीमीटर सोडतो. गाळात टेकलेली बार्ज टग, म्हणजे बार्ज ओढणारी-ढकलणारी इंजिनाची नौका, ओढून काढतो. खडकावर टेकली तर तळाचा पत्रा फाटतो.

भार ठरतो मार्गातल्या सगळ्यात उथळ तुकड्यावर. गंगेवरच्या राष्ट्रीय जलमार्ग १ चेच पाहा. तिथे बिहारमधल्या बाढ गावापासून गाझीपूरपर्यंत २.५ मीटर आणि गाझीपूर ते वाराणसी २.२ मीटर खोलीचे लक्ष्य आहे. वाराणसीपर्यंत जाणाऱ्या बार्जला प्रवाहाच्या खालच्या तुकड्यातले पाणी कितीही खोल असले तरी २.२ चाच हिशेब धरावा लागतो. दुसरी गोष्ट, पाणीपट्टीवरचा, म्हणजे काठावर पाण्याची पातळी दाखवणाऱ्या मोजपट्टीवरचा, आकडा म्हणजे खोली नसते. जर्मनीत ऱ्हाइन नदीवर काउब इथली पट्टी ऑक्टोबर २०१८ मध्ये २५ सेंटीमीटरपर्यंत उतरली होती. नौकामार्गात तेव्हाही साधारण १.३७ मीटर पाणी होते. प्रत्येक पट्टीचा शून्य वेगळा असतो, तो खोलीशी जुळवून घ्यायचा तक्ता सारंगाच्या (नौका चालवणाऱ्या प्रमुखाच्या) हातात असलाच पाहिजे. आम्ही माल भरण्याच्या आदल्या दिवशी पट्टी पाहतो आणि भरताना पुन्हा पाहतो. पाणी उतरत असेल तर वाटेत जेवढे उतरेल तेवढे आधीच वजा करतो.

वेगामुळेही बार्ज टेकते. उथळ पाण्यात वेग वाढला की बार्ज आणखी खाली बसते, आणि हे बसणे साधारण वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. वेग ६ नॉटवरून (नॉट म्हणजे ताशी एक सागरी मैल) ४ नॉटवर आला की ते निम्म्याहून कमी होते. अरुंद पात्रात तेच बसणे जवळजवळ दुप्पट धरावे. म्हणून उथळ तुकड्यात वेग कमी, ही सारंगाला दिलेली पक्की सूचना आहे. इंधनही वाचते. पाण्यातला वेग १० टक्के कमी केला तर इंजिनावरचा ताण सुमारे २७ टक्के उतरतो. मात्र प्रवाहाविरुद्ध जाताना वेळ जास्त वाढतो, त्यामुळे वरच्या दिशेची बचत खालच्या दिशेपेक्षा कमी मिळते. भाड्याचा हिशेब करताना दोन्ही दिशा वेगळ्या मांडाव्यात.

इंजिन असलेली एकच मोठी बार्ज घेण्याऐवजी आम्ही टग आणि बिनइंजिनाच्या बार्ज वेगळ्या ठेवल्या. एक बार्ज भरत असते, एक रिकामी होत असते, एक टगसोबत चालत असते. ताशी १०० टनांनी ९०० टन उतरवायला ९ तास लागतात; तेवढा वेळ महागडे इंजिन आणि खलाशी धक्क्याला बांधून ठेवणे परवडत नाही. जोडणीच्या तारा रोज तपासाव्या लागतात. एक तार सैल राहिली की वळणावर सगळा ताण दुसऱ्या तारेवर येतो आणि ती तुटते.

मालाच्या वजनासाठी ड्राफ्ट सर्व्हे करतो, म्हणजे बार्ज किती बुडाली यावरून वजन काढतो. पुढे, मध्ये आणि मागे, दोन्ही बाजूंनी, असे सहा आकडे वाचायचे. नंतर बार्जचे स्वतःचे वजन आणि तळात साचलेले पाणी वजा करायचे. ड्राफ्टवरून वजन सांगणारा बार्जचा तक्ता समुद्राच्या पाण्यासाठी, म्हणजे १.०२५ घनतेसाठी काढलेला असेल तर नदीत दुरुस्ती हवीच. नाहीतर १,६०० टनांच्या एकूण वजनात ४० टन कागदावर जास्त दिसतात, आणि ग्राहकाशी वाद तिथूनच सुरू होतो.

धान्य आणि खताला पावसापेक्षा घामाचा त्रास जास्त होतो. रात्री हॅच कव्हर (माल ठेवायच्या जागेवरचे झाकण) थंड पडते, आतली दमट हवा त्याला लागून पाणी होते, आणि ते वरच्या थरावर टपकते. बाहेरच्या हवेचा दवबिंदू (ज्या तापमानाला हवेतल्या वाफेचे पाणी होऊ लागते) आतल्यापेक्षा कमी असेल तरच झडपा उघडायच्या. नुसती ताडपत्री टाकून हे थांबत नाही.

इंजिनाला खरा त्रास गाळाचा आणि जलपर्णीचा. थंड करण्याचे पाणी नदीतून घेतले की गाळणी तुंबते आणि इंजिन तापते. आमच्या टगवर तळाला बसवलेला कीलकूलर आहे, त्यात आतले पाणी आतच फिरते. पाण्यात फिरून टग पुढे नेणाऱ्या पंख्याच्या दांड्याचे रबरी बेअरिंग मात्र वाळूने झिजतेच. ते बदलण्याचे काम वार्षिक देखभालीत धरून ठेवावे. जुन्या इंजिनाचा धूर हाही खरा प्रश्न आहे. टनामागे कार्बन कमी म्हणून काजळी माफ होत नाही. युरोपात नदीवरच्या नव्या इंजिनांना २०१९-२० पासून स्टेज पाच ही धुराची कडक मर्यादा लागू झाली. इंजिन बदलायची वेळ येते तेव्हा आम्ही त्याच पातळीचे मागतो.

आमचा करार पाणीपट्टीशी बांधलेला असतो. पट्टी अमुक आकड्याखाली गेली की टनामागचे भाडे किती वाढेल, आणि कोणत्या आकड्याखाली खेप बंद, हे आधीच लिहिलेले असते. चौकशी करताना मालाचा प्रकार, त्यातला ओलावा, महिन्याचे टनेज, दोन्ही टोकांचे धक्क्यापासूनचे अंतर आणि तुमच्याकडे किती दिवसांचा साठा राहतो, एवढे कळवावे. शेवटचा आकडा विसरू नका. साठा तीन दिवसांचाच असेल तर उन्हाळ्यात आम्ही आधी साठवणुकीची जागा वाढवायला सांगतो आणि मग बार्जचे वेळापत्रक देतो.