आमची वाटचाल: जुनी बॅटरी द्या, क्रेडिट घ्या (वाटतं तितकं सोपं नाही)

आमची फर्म म्हणजे चार माणसं, दोन टेबलं, एक डिस्चार्जर (बॅटरीतला चार्ज उतरवायचं यंत्र) आणि कोपऱ्यात वाळूची बादली. ड्रोनच्या बॅटऱ्या विकतो, देशाबाहेरही विकतो, आणि जुनी परत दिली की नवीनवर क्रेडिट देतो. सुरू केलं तेव्हा मला खरंच वाटलेलं की यात अवघड ते काय, कस्टमर खोक्यात घालून पाठवणार, आपण तपासणार, क्रेडिट टाकणार. सगळ्यात जास्त वेळ मात्र खोकं पाठवण्यात गेलाच नाही, तो गेला खोक्यातली वस्तू नक्की काय आहे हे ठरवण्यात.

मूळ धंदा दुरुस्तीचा. तिथे एक गोष्ट सारखी दिसायची, प्रत्येक ड्रोनवाल्याच्या कपाटात एक खण जुन्या बॅटऱ्यांचा असतोच. मेलेल्या नसतात. आधी पंचवीस मिनिटं उडायचं ते आता चौदा-पंधरावर आलेलं असतं, किंवा अर्धी बॅटरी दाखवत असताना अचानक लँडिंगची वॉर्निंग येते, मग माणूस पाण्यावरून किंवा गर्दीवरून उडवायला घाबरतो. टाकवतही नाही आणि उडवतही नाही. म्हटलं हे आपल्याला द्या, नवीन घेताना पैसे कमी करू. आपलाही फायदा होताच, क्रेडिट मिळालं की माणूस दुसरीकडे जात नाही.

पहिले काही महिने मस्त गेले कारण तेव्हा नियमांत एक बारकी फट होती. विमानाने सुट्ट्या लिथियम आयन बॅटऱ्या पाठवायच्या तर त्याला यूएन ३४८० म्हणतात (धोकादायक मालाच्या यादीतला नंबर) आणि आयाटाच्या, म्हणजे विमान कंपन्यांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या, नियमात त्यासाठी पॅकिंग इन्स्ट्रक्शन ९६५ आहे. त्यात सेक्शन टू नावाची सवलत होती, १०० वॉट-अवरच्या आतल्या दोन बॅटऱ्या, एकच खोकं, ठरलेला स्टिकर, आणि मोठी कागदपत्रं नाहीत. वॉट-अवर म्हणजे व्होल्ट गुणिले अँपिअर-अवर, उदाहरणार्थ १५.४ व्होल्ट आणि ३८५० मिलीअँपिअर-अवर असेल तर ५९ च्या आसपास, म्हणजे हातात मावणाऱ्या फोल्डिंग ड्रोनची बॅटरी आरामात बसायची. सर्व्हेवाल्यांच्या मोठ्या बॅटऱ्या तेव्हाही बसत नव्हत्या, त्यातली एक तर २७४ वॉट-अवरची. तरी दोन दोन करत बरीच पार्सलं आली.

मग २०२२ च्या १ एप्रिलला ती सवलत गेली. गंमत म्हणजे आधीचा मोठा दणकाही १ एप्रिललाच बसलेला, २०१६ ला, तेव्हापासून सुट्ट्या लिथियम आयन बॅटऱ्या प्रवासी विमानात माल म्हणून चढत नाहीत आणि मालवाहू विमानात सुद्धा ३० टक्क्यांपेक्षा जास्त चार्ज चालत नाही. आमच्या टेबलावरची ताई म्हणते की या लोकांना दुसरी तारीख मिळत नाही का. सवलत गेली म्हणजे आता एका बॅटरीला सुद्धा क्लास ९ चं (धोकादायक मालाच्या एका वर्गाचं) लेबल, केशरी 'फक्त मालवाहू विमान' लेबल, आणि धोकादायक मालाचं डिक्लेरेशन. ते डिक्लेरेशन ट्रेनिंग घेतलेल्या माणसानेच सही करायचं, आणि ते ट्रेनिंग दर २४ महिन्यांनी परत.

आता सांगा, ज्याने हौसेने एक ड्रोन घेतलाय तो माणूस एक जुनी बॅटरी परत करायला ट्रेनिंग घेईल का? नाही घेणार. काही जणांनी तर आम्हाला न सांगता पोस्टात टाकल्या, वर 'स्पेअर पार्ट' लिहून. आंतरराष्ट्रीय पोस्टात सुट्टी लिथियम बॅटरी चालतच नाही, उपकरणाच्या आत असेल तर आणि तेही काही ठिकाणीच चालते. दोन पार्सलं रस्त्यातच अडकली, एक पोचलं, आणि जे पोचलं ते बघून मला घाम फुटला. बॅटरीच्या उघड्या कनेक्टरशेजारी पिशवीत न बांधता सुट्टे स्क्रू टाकलेले, का तर म्हणे दुरुस्तीला उपयोगी पडतील. त्या दिवसापासून वेबसाइटवरचा 'कसंही पाठवा, आम्ही बघून घेऊ' हा मजकूर काढला. तो मीच लिहिलेला, हे कबूल करतो.

मी आणि पार्टनर दोघंही ट्रेनिंगला जाऊन बसलो. तिथे शिकवणाऱ्या सरांनी २०१० ची गोष्ट सांगितली, दुबईतून निघालेल्या मालवाहू विमानाला आग लागली, मालात लिथियम बॅटऱ्या भरपूर होत्या, दोन्ही पायलट गेले. बॅटरीच्या आतल्या घटकांपैकी, म्हणजे सेलपैकी, एक तापला की शेजारचा तापतो, त्याचा पुढचा, आणि विमानातला हॅलॉन हा आग विझवायचा वायू ज्वाळा दाबतो पण सेलच्या आत चाललेलं थांबवू शकत नाही. हे ऐकेपर्यंत मी नियमांना शिव्या घालत होतो, त्यानंतर कमी घालायला लागलो.

३० टक्क्यांचा घोळ वेगळाच. ड्रोनवाल्यांना पहिल्यापासून शिकवलेलं असतं की बॅटरी ठेवायची तर स्टोरेज व्होल्टेजला, म्हणजे सेलला ३.८ ते ३.८५. कस्टमर अभिमानाने सांगायचा, सर स्टोरेजला करूनच पाठवतोय, आणि मला सांगावं लागायचं की दादा, ते साधारण चाळीस-पन्नास टक्के झालं, विमानाला ते जास्त आहे. कपाटासाठी जे उत्तम ते विमानासाठी नियमबाह्य. मग आम्ही सोपं करून टाकलं, स्मार्ट बॅटरीला चार दिवे असतात ना, एकच दिवा उरेपर्यंत ड्रोन चालू करून टेबलावर ठेवायचा, पंखे न फिरवता. जुन्या बॅटरीत एक बरं असतं, ती जो टक्का दाखवते तो तिच्या घटलेल्या ताकदीचा असतो, त्यामुळे छापलेल्या क्षमतेच्या हिशोबाने तो आणखी कमीच भरतो. साध्या लायपो (लिथियम पॉलिमर) पॅकला दिवेबिवे नसतात, तिथे सेल चेकर लावून थोडा वेळ थांबून मग आकडा बघायचा, लगेच बघितला तर खोटा येतो.

एवढं सगळं जमवलं, डिक्लेरेशन आम्ही करायचं, कस्टमरच्या देशातल्या फॉरवर्डरशी, म्हणजे माल पाठवणाऱ्या एजंटशी, बोलून ठेवायचं, दहा किलोच्या आत एकेक खोकं, अनेक कस्टमरच्या बॅटऱ्या तिथेच एकत्र करायच्या. पहिली मोठी खेप निघायच्या आदल्या दिवशी फॉरवर्डरचा फोन. अहो साहेब, हे नक्की काय आहे, माल आहे का भंगार? म्हटलं जुन्या बॅटऱ्या आहेत. जुन्या म्हणजे? तुम्ही आणून परत वापरणार का रिसायकलला टाकणार? मी म्हटलं बघू, तपासून ठरवू, अर्ध्या तरी रिसायकलला जातील. पलीकडे शांतता. मग तो म्हणाला, साहेब हे वाक्य तुम्ही मला मेलवर पाठवू नका.

तेव्हा कळलं. टाकाऊ किंवा रिसायकलला चाललेली लिथियम बॅटरी विमानाने पाठवायला बंदी आहे, माल निघतो तो देश आणि ज्या देशाची विमान कंपनी तो देश, दोघांची मंजुरी असल्याशिवाय. आणि फुगलेली, आपटलेली, सेफ्टीसाठी कंपनीने परत मागवलेली बॅटरी तर विमानात अजिबातच नाही. समुद्राने जाऊ शकते पण तिथे वेगळं पॅकिंग, वेगळे नियम, आणि कचरा म्हणून सीमा ओलांडायची तर बाझल करार, ज्यात २०२५ पासून ई-कचऱ्याचे नियम आणखी कडक झालेत. म्हणजे तीच बॅटरी, तेच वजन, तेच खोकं, पण माझ्या मनात तिचं पुढे काय करायचंय त्यावर ती माल का कचरा हे ठरणार. दोन वर्षं मी ट्रेड-इन ट्रेड-इन करत होतो आणि हा प्रश्न स्वतःला एकदाही विचारला नव्हता. ती खेप रद्द केली. अठरा कस्टमरना क्रेडिट आधीच देऊन बसलेलो, ते तसंच सोडलं, आणि बॅटऱ्या तिथल्याच रिसायकलरकडे पोचवायचा खर्चही आमच्यावर.

मग डोकं उलटं चालवलं. बॅटरी आपल्याकडे येऊन तपासायची कशाला, तिथेच तपासू. आता कस्टमर व्हिडिओ कॉल करतो. लेबल, सीरियल नंबर, अॅपमधली सायकल संख्या (किती वेळा चार्ज झाली ते), प्रत्येक सेलचा व्होल्टेज. एका सेलचा आकडा बाकीच्यांपासून फटकून असेल तर तिथेच थांबतो. चांगली असेल तर येते, कारण आम्ही तिला खरंच वापरतो, टेस्ट बेंचवर, ट्रेनिंगच्या ड्रोनला, ग्राउंड स्टेशनला (ड्रोन चालवायच्या जमिनीवरच्या यंत्रणेला) पॉवर द्यायला. मधे एकदा सेल बदलून पॅक नवे करून विकायची हुक्की आलेली, पण सेल बदलला की ती नवीन प्रकारची बॅटरी धरली जाऊ शकते आणि मग यूएन ३८.३ च्या सुरक्षेच्या टेस्ट पुन्हा करायला लागतात, धक्का, कंपन, शॉर्ट सर्किट, उंचीवरचा कमी दाब, सगळं. आमच्या बसची गोष्ट नाही. बिननावाच्या स्वस्त पॅकचाही तोच प्रॉब्लेम, त्यांचा टेस्टचा कागदच मिळत नाही, त्यामुळे त्या आम्ही मागवत नाही.

बाकीच्या, म्हणजे थकलेल्या आणि बिघडलेल्या, तिथेच रिसायकलिंगला द्यायच्या आणि आम्हाला पुरावा पाठवायचा, क्रेडिट तेवढंच. इथे मी आयुष्यातली सगळ्यात मूर्ख ओळ लिहिली. भीती ही की एकाच बॅटरीवर माणूस दोनदा क्रेडिट घेईल, म्हणून फॉर्मवर टाकलं, 'बॅटरी निकामी केल्याचा पुरावा जोडावा'. एका सद्गृहस्थांनी अंगणात बॅटरी ठेवून तिच्यात खिळा ठोकल्याचा व्हिडिओ पाठवला. आधी हिस्स करून पांढरा धूर, मग एकदम ज्वाळा, मग कॅमेरा हलला आणि धावतानाचे पाय दिसले. माणूस सुखरूप आहे, त्याने खाली लिहिलेलं, 'एवढं पुरेल ना?' मी तो व्हिडिओ दोनदा बघितला आणि त्या रात्री फॉर्म बदलला. आता सीरियल नंबरवर मार्करने फुली मारायची, टर्मिनलवर चिकटपट्टी लावायची, आणि कलेक्शन सेंटरच्या पावतीसोबत फोटो. भोसकायचं नाही, कापायचं नाही, मिठाच्या पाण्यात बुडवायचं नाही. हे आम्ही लाल अक्षरात लिहिलंय.

कस्टम्सचं थोडक्यात सांगतो. आम्ही कस्टमरना सांगायचो इन्व्हॉइसवर किंमत शून्य लिहा, जुनी आहे ना. आणि त्याच पार्सलमधे आमचाच क्रेडिटचा कागद, त्यावर रक्कम. अधिकाऱ्याने दोन्ही कागद शेजारी शेजारी ठेवून विचारलं, यातलं खरं कुठलं? उत्तर नव्हतं. आता जेवढं क्रेडिट तेवढी किंमत, वर 'वापरलेली, चालू स्थितीत' आणि कोड लिथियम आयन बॅटरीचा, ८५०७.६०. संपलेल्या बॅटऱ्यांचा भंगार म्हणून वेगळा कोड आहे आणि तो आपल्याला लागत नाहीये याची खात्री करूनच खोकं निघतं.

सध्या सगळ्यात जास्त चालतंय ते अख्खा ड्रोन परत घेणं. बॅटरी ड्रोनमधे बसवलेली असेल तर यूएन ३४८१, त्याचे नियम बरेच सुसह्य, फक्त प्रवासात चुकून चालू होणार नाही हे बघायचं आणि ड्रोन खरंच चालू असायला हवा, बिघडलेला असला की परत तोच माल का भंगार प्रश्न. लोक हुशारी करतात, एका ड्रोनभोवती आठ बॅटऱ्या रचतात. तसं नाही चालत, उपकरणासोबत ठेवायच्या तर त्याला लागतात तेवढ्या आणि वर दोन जादा संच, बस. आणि २०२६ पासून या सोबतच्या बॅटऱ्यांनाही ३० टक्क्यांचा नियम लागला, त्यामुळे एक दिव्याचा मेसेज आता सगळ्यांनाच जातो.

आजच सकाळी एकांचा मेसेज आला, सर एकच दिवा लागतोय, टर्मिनलला टेप लावली, खोकं पण तयार आहे, पाठवू का? मी विचारलं, टेबलावर पालथी ठेवून एका कोपऱ्यावर बोट दाबा, डुगडुगते का? पाच मिनिटांनी उत्तर आलं, थोडीशी. म्हटलं मग ती फुगलीय, खोकं उघडा, ती तिथल्याच कलेक्शन सेंटरला जाणार, क्रेडिट तुमचं आहेच.