२०० बारची नळी

भोसरीच्या औद्योगिक वसाहतीत आम्ही दाबाखाली चालणाऱ्या सामानाची तपासणी करतो. येतात ते बहुतेक कॉम्प्रेसरचे रिसीव्हर, हायड्रॉलिकच्या नळ्या आणि अधूनमधून एखादा जुना ऑटोक्लेव्ह. त्यामुळे मेकॅनिकलच्या तिसऱ्या वर्षाचा एक विद्यार्थी वर्तमानपत्रात गुंडाळलेली ॲल्युमिनियमची नळी घेऊन आला, तेव्हा आमच्या फिटरकाकांनीही हातातले काम थांबवले. घरी बनवायला घेतलेल्या एअरगनमधली हवेची टाकी म्हणून ही नळी २०० बारला, म्हणजे भोवतालच्या हवेच्या दाबाच्या सुमारे दोनशेपट दाबाला, भरायची होती. परवान्याच्या बाजूची चौकशी आधी कर, असे मी त्याला बजावले. पण नळी समोर असताना ती न तपासता परत पाठवणे मला अधिक धोक्याचे वाटले.

कागदावर त्याने गणित नीट मांडले होते. धातूची ताकद गुणिले भिंतीची जाडी गुणिले दोन, भागिले बाहेरचा व्यास. ताकद ३१० मेगापास्कल, जाडी २ मिलिमीटर, व्यास २५ मिलिमीटर, म्हणून नळी ४९६ बारला फुटेल आणि २०० बारला जवळजवळ अडीचपट सुरक्षित राहील, असा त्याचा हिशेब होता.

“हे ३१० कुठून आणलेस?” मी विचारले.

“सर, ६०६१-टी६ चं टेन्साइल आहे. दुकानदार म्हणाला, हा तोच माल आहे.”

६०६१-टी६ ही ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूची एक मजबूत जात, आणि टेन्साइल म्हणजे धातू तुटतो तो ताण. टेस्ट सर्टिफिकेट अर्थातच नव्हते. कडकपणा मोजला तर तो ६०६१-टी६ च्या आसपासही नव्हता. खिडक्यांच्या सेक्शनसाठी सर्रास वापरतात त्या ६०६३-टी५ शी तो जुळत होता. या मालाची किमान यील्ड ताकद, म्हणजे ज्या ताणाला धातू कायमचा ताणायला लागतो ती, ११० मेगापास्कल धरतात, आणि माझ्या मते हिशेब यील्डवरच करावा, कारण नळी फुटण्याच्या बरीच आधी कायमची ताणली जाते आणि त्यानंतर तिच्याबद्दल काहीच खात्रीने सांगता येत नाही. दुसरी गोष्ट जाडीची. मायक्रोमीटर टोकाभोवती फिरवला तेव्हा एका बाजूला २.२ आणि समोरच्या बाजूला १.८ मिलिमीटर भरली. एक्स्ट्रूजनमध्ये, म्हणजे साच्यातून दाबून काढलेल्या नळीत, आतले भोक थोडे सरकलेले असणे नवीन नाही, पण दाब सरासरी जाडी पाहत नाही, तो पातळ बाजू शोधतो. हे दोन आकडे बदलून तेच सूत्र मांडल्यावर नळी १५८ बारलाच ताणायला लागेल असे निघाले, आणि सुरक्षिततेसाठी तीनाने भागल्यावर वापरण्याजोगा दाब ५३ बारच्या आत आला. मुलाने कॅल्क्युलेटर काढून हा हिशेब स्वतः पुन्हा केला. ॲल्युमिनियमला वारंवार पडणाऱ्या ताणाने येणाऱ्या थकव्याची सुरक्षित मर्यादा नसते आणि टाकी दर वेळी भरली-रिकामी केली की एक फेरा मोजला जातो, हे तर अजून हिशेबात आलेच नव्हते.

टोकांचे प्लग त्याने चार-चार एम५ स्क्रूंनी आडवे अडकवले होते. आतला व्यास २१ मिलिमीटर असलेल्या नळीत २०० बारला प्रत्येक प्लगवर साधारण ७०० किलोचा रेटा येतो, आणि तो सगळा त्या पातळ भिंतीतल्या चार भोकांच्या कडांवर पडतो.

एवढे सांगूनही त्याचा चेहरा पटल्यासारखा दिसेना, म्हणून हायड्रो टेस्ट, म्हणजे पाण्याने दाब देऊन चाचणी, घेऊन दाखवायचे ठरले. “सर, हवेनेच करूया ना, शेवटी हवाच भरायची आहे,” असे तो म्हणाला आणि काकांनी त्याच्याकडे अशा नजरेने पाहिले की मला वेगळे काही बोलावे लागले नाही. त्या नळीत मावणाऱ्या १५० मिलिलिटर हवेत २०० बारला सुमारे सहा किलोज्यूल ऊर्जा साठते, म्हणजे साठ किलोचा माणूस दहा मीटरवरून खाली आदळावा इतकी. त्याच दाबाच्या तेवढ्याच पाण्यात ती जेमतेम चौदा ज्यूल असते, कारण पाणी दाबले जातच नाही म्हटले तरी चालेल. शिवाय ५०० मिलिलिटरपेक्षा लहान भांडी गॅस सिलिंडरच्या नियमांत येत नाहीत, त्यामुळे घरगुती टाकीला जबाबदारीने ‘नाही’ म्हणणारे कोणी उरत नाही.

नळी पाण्याने भरून आतली हवा पूर्ण काढली, ती जाड पोलादी पाइपाच्या आडोशाला ठेवली आणि काकांनी हातपंप मारायला घेतला. दीडशेपर्यंत दाबमापकाचा काटा प्रत्येक झटक्याला सारखा चढत होता. दोनशेच्या पुढे त्याची चाल मंदावली, आणि २२० च्या जवळ दांडा खाली जात असतानाही काटा तिथल्या तिथेच राहिला. गळती कुठेच नव्हती. आत जाणाऱ्या पाण्याला नळी फुगून जागा करून देत होती. किमान ताकदीवरून काढलेल्या १५८ पेक्षा माल थोडा चांगला निघाला होता, पण टाकी ज्या दाबाला रोज वापरायची त्याच्या दोन पावले पुढेच तो हार मानत होता.

दाब उतरवून मोजले तेव्हा मधला व्यास २५.० चा २५.३ झाला होता आणि स्क्रूंची गोल भोके लांबट झाली होती. मुलाने त्या भोकावर नख फिरवून पाहिले आणि “हे स्टीलचं केलं तर?” असे विचारले. सीमलेस म्हणजे बिनजोड, सर्टिफिकेटसह आणि प्लगचा हिशेब करून आणलेस तर पुन्हा बसू, पण त्यापेक्षा प्रमाणित कंपनीची भरलेली बाटली आणि रेग्युलेटर घे, असे मी सांगितले.

नळी त्याला परत दिली नाही. ताणलेला माल दिसायला चांगलाच असतो आणि तो दुसऱ्या कोणाच्या हाती लागू शकतो, हे त्याला पटल्यावर काकांनी ती व्हाइसमध्ये धरून मधोमध कापली. कापाच्या कडेवर पातळ बाजू १.७ भरली, म्हणजे टोकाला मोजली त्याहूनही कमी. तो आकडा मी रजिस्टरमध्ये लिहून ठेवला.