दोन इंच माया

भाचा दिवाळीच्या सुट्टीला आला होता. दुपारची जेवणं झालेली, आई आत आडवी झालेली, ऑक्टोबरचा उकाडा म्हणून पंखा चारवर, आणि माझ्या खुर्चीत हा पाय वर घेऊन बसलेला. मोटारींच्या शर्यतीचा कुठलासा गेम दोन तास खपून डाउनलोड केला आणि एकदाचा उघडला, तर समोर राखाडी चौकट. डायरेक्टएक्स १२ (गेमची चित्रं काढायची विंडोजमधली सोय) चालवू शकेल असं काही या यंत्रात नाही, एवढाच मजकूर. खाली एकच बटण, 'ओके'. नकार त्यांनी द्यायचा आणि ओके आपण म्हणायचं.

"मामा, यात कार्डच नाहीये!"

बोलणी निम्म्यावर आल्यावर नवऱ्या मुलाला नोकरी नसल्याचं कळावं, तसा त्याचा सूर.

माझा कॉम्प्युटर २०१३ सालचा. आय-फाइव्ह ३४७० प्रोसेसर, बी-७५ चिपसेटचा मदरबोर्ड, आठ जीबी रॅम, ४५० वॅटचा एसएमपीएस, म्हणजे सगळ्यांना वीज वाढणारा डबा. सुटे भाग आणून मीच जोडला होता. चित्र दाखवायचं काम प्रोसेसरच्याच पोटातल्या एचडी २५०० नावाच्या तुकड्याकडे. त्यासाठी वेगळं ग्राफिक्स कार्ड घातलं नव्हतं, कारण तेव्हा गरज नव्हती आणि पैसेही नव्हते. यातलं खरं कारण कुठलं ते आता आठवत नाही. बारा वर्षं त्याने बिलं भरली, पत्रं लिहिली, रविवारी सिनेमे दाखवले. त्याने कधी तक्रार केली नाही, मीही कधी विचारपूस केली नाही.

चार दिवसांनी भाचा नाशिकला परत गेला. गेमचं वेड त्याच्याबरोबर गेलं, कार्डाचं माझ्याकडे राहिलं.

तर पहिलं काम म्हणजे कॅबिनेट उघडणं. हे काम मी कुणाला करू देत नाही. कॅबिनेट आडवं करायचं, खाली जुनं वर्तमानपत्र, रंगाचा एक इंची ब्रश (कोरडा, आणि तो फक्त याच कामाचा, भिंतीला लावलेला ब्रश चालत नाही), पंख्याची पाती बोटाने धरून एकेक पुसायची. पंखा फिरू द्यायचा नाही. फिरला तर काय होतं ते मला नीटसं सांगता येणार नाही, पण फिरू द्यायचा नाही. निघालेले स्क्रू खाकी पिशवीत. ती पिशवी म्हणजे माझ्या शाळेच्या चड्डीचा खिसा आणि त्याखालचा वीतभर तुकडा. आईने कधीतरी नाडी ओवून शिवलेली. तिच्याकडे येतोच.

आत पाहिलं तर लांब खाच रिकामी. कार्डाची जागा. बारा वर्षं तिथे फक्त धूळ बसली होती, आणि ती मात्र एकदम व्यवस्थित, खाचेच्या मापाची.

कार्ड निवडायचं म्हणजे आधी पैसे मोजायचे, अशी माझी समजूत होती. तसं नाही, आधी वॅट मोजायचे. त्या खाचेतून कार्डाला जास्तीत जास्त ७५ वॅट मिळतात. त्याहून भूक मोठी असेल तर एसएमपीएसमधून वेगळी सहा पिनांची नाहीतर आठ पिनांची वायर आणून जोडावी लागते. माझ्या एसएमपीएसच्या वायरींचा गुंता मी दोनदा सोडवला. त्यात हार्ड डिस्कच्या वायरी होत्या, कुणालाच न लागणाऱ्या दोन होत्या, ही मात्र नव्हती. म्हणजे ७५ वॅटांत जे बसेल तेच आपलं.

तेवढ्यात बसणारी मंडळी मोजकी. जीटीएक्स ७५० टीआय, २०१४ चं, साठ वॅटांवर भागवणारं, पण आता फारच म्हातारं. २०१६ चं १०५० टीआय, चार जीबीचं. २०१९ चं १६५०. यातही एकाच नावाने कुणी जोडणीशिवायचं विकतं, कुणी सहा पिनांचं, त्यामुळे खोक्यावरचं नाव वाचून भागत नाही, कार्डाच्या कडेला पाहावं लागतं. जीटी १०३० तर याहून लबाड. २०१७ साली आलं तेव्हा त्यात वेगवान मेमरी होती. पुढच्या वर्षी त्याच नावाने साध्या डीडीआर४ मेमरीचं आणलं, आणि मेमरीचा वेग जवळजवळ तिसऱ्या हिश्शावर आला. पाटी तीच, भटारी बदललेला.

आरएक्स ६४०० वर मी दोन रात्री घालवल्या. २०२२ चं, फक्त ५३ वॅट, अंगाने बारकं. मला ते फार आवडलं होतं. मग कळलं की सोळा पदरी (म्हणजे माहिती ये-जा करायच्या सोळा वाटांच्या) खाचेत बसून ते चारच पदर वापरतं. नव्या बोर्डावर ते चालून जातं, कारण तिथे एकेका पदराचा वेग दुप्पट असतो. माझ्यासारख्या जुन्या बोर्डावर चारही पदर निम्म्या वेगाचे, म्हणजे कार्ड चांगलं आणि रस्ता आपला. शिवाय व्हिडिओ एन्कोड करायची, म्हणजे आवळून साठवायची, सोय त्यातून वगळलेली. सोडलं. अजून थोडं वाईट वाटतं.

भाच्याला फोनवर हे सगळं सांगितलं. त्याने ऐकून घेतलं, म्हणजे तो बहुधा दुसरं काहीतरी खेळत होता. मग म्हणाला, "मामा, तू कशाला असलं बारकं बघतोयस? सरळ ३०६० घे. सोबत नवा एसएमपीएस. पुढे बोर्ड-प्रोसेसर बदललास तरी कार्ड तेच राहील ना."

३०६० म्हणजे १७० वॅट. पण वॅटांकडे माझं लक्षच नव्हतं. हे वाक्य मी आधी कुठेतरी ऐकलं होतं.

पुण्यात शनिपाराजवळच्या एका बोळात आमचे टेलरकाका होते. दुकान म्हणजे जिन्याखालची जागा. उभं राहिलं की डोकं तिरपं करावं लागे, त्यामुळे माप देताना सगळेच जण काहीतरी चूक केल्यासारखे दिसत. जूनच्या पहिल्या आठवड्यात बाबा लक्ष्मी रोडवरून खाकी कापड घेत आणि मला घेऊन तिथे जात. काका गळ्यातली टेप काढत, कंबर, मांडी, गुडघा असे आकडे स्वतःशीच पुटपुटत कागदावर लिहीत, आणि पेन्सिल कानावर ठेवताच बाबा म्हणत, "वाढत्या अंगाची शिवा हो. माया सोडा भरपूर."

"किती सोडू?"

"दोन इंच तरी सोडा."

तळाला दोन इंच आत दुमडलेलं कापड, बाजूच्या शिवणीत इंचभर. शिंप्याच्या भाषेत त्याला माया म्हणतात. हा शब्द मी आधी तिथे ऐकला, घरातल्या आणि कीर्तनातल्या मायेशी गाठ नंतर पडली. त्यामुळे अजूनही कुणी 'आईची माया' म्हटलं की मला क्षणभर खाकी कापडाचा वास येतो.

चड्डी जूनमध्ये गुडघ्याच्या खाली लोंबत असे आणि दिवाळीपर्यंत बरोबर मापात येई. पुढच्या जूनला आई ब्लेडने टाके उसवी, दुमड उघडे, इस्त्री मारी. तोवर वरचं कापड वर्षभर धुऊन धुऊन फिकं पडलेलं आणि आतली माया मात्र कोरी, गडद. गुडघ्यावर दोन इंचांचा पट्टा. वर्गात निम्म्या मुलांना तो असायचा, तरी उरलेली निम्मी आम्हाला 'पट्टेवाला' म्हणत. ऑफिसातल्या खऱ्या पट्टेवाल्याला पूर्ण पँट असते, हे आमच्यापैकी कुणाला सुचलं नाही.

सहावीतली एक चड्डी अशी निघाली की तिची माया उघडायची वेळच आली नाही. त्या वर्षी मी उंच झालोच नाही. पुढच्या वर्षी एकदम इतका झालो की दोन इंचांनी काही होण्यासारखं नव्हतं. तिचीच ही स्क्रूची पिशवी. तळाशी टाके अजून तसेच आहेत. आत काय रंग असेल, पाहिलेलं नाही.

माझं माप झालं की कधीकधी बाबांचं असे. दोन-तीन वर्षांतून एखादी पँट. तेव्हा काका सवयीने विचारत, "माया?" आणि बाबा म्हणत, "छे हो, माझी बेताची शिवा. आता कुठे वाढायचंय." मग दोघंही हसत. मी कटपीसच्या ढिगात हात घालून बसलेला असे. त्यात हसण्यासारखं काय होतं ते मला समजत नसे.

कुठे होतो? ३०६०.

मोठ्या कार्डांचं मी वाचलं नाही असं नाही. वाचायला फुकट असतं. २०२२ सालचं आरटीएक्स ४०९० एकटं ४५० वॅट खातं, म्हणजे माझा अख्खा एसएमपीएस त्या एकाच ताटात वाढायचा आणि बाकीच्यांनी उपाशी झोपायचं. कंपनीच्या स्वतःच्या नमुन्याची लांबी ३०४ मिलिमीटर. कंपासपेटीत न मावणारी लाकडी फूटपट्टी असायची, तेवढं. माझ्या कॅबिनेटमध्ये मोजलं तर हार्ड डिस्कच्या खणापर्यंत पंचवीस सेंटिमीटर. माया शून्य.

आणि समजा बसवलंच, तरी प्रोसेसर जुना. कार्ड धावायला तयार आणि हा मागून "जरा थांब रे" म्हणणार. त्याला पोरं बॉटलनेक म्हणतात. विंडोज ११ ला तर हा प्रोसेसर चालतच नाही, त्यांची यादीच आठव्या पिढीपासून सुरू होते आणि हा तिसऱ्या पिढीतला. विंडोज १० ची नेहमीची देखभाल १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबली. त्याच महिन्यात १०५० टीआयच्या पिढीसाठी नव्या गेमांचे ड्रायव्हरही (कार्ड चालवणारे प्रोग्राम) थांबले, आता २०२८ पर्यंत तेवढ्या सुरक्षेच्या दुरुस्त्या. एकाच महिन्यात दोघं निवृत्त. मला ते योग्य स्थळ वाटलं.

शनिवारी वनाजहून मेट्रो धरली, सिव्हिल कोर्टला बदलली, मंडईला उतरलो. तिथून चालत बुधवारात. पासोड्या विठोबाच्या आसपास पूर्वी पासोड्यांची दुकानं होती, म्हणून विठोबाचं ते नाव, असं सांगतात. आता त्या बाजूला वायरी, दिव्यांच्या माळा, स्पीकर, चार्जर. देवाचं नाव कुणी अपग्रेड केलेलं नाही.

जुन्या कार्डांच्या दुकानात काचेखाली कार्डं मांडलेली. जुनं घ्यायचं तर एक भीती असते. दोन-तीन वर्षं ही कार्डं लोकांनी क्रिप्टो, म्हणजे आभासी चलन, खणायला रात्रंदिवस जुंपली होती. सप्टेंबर २०२२ मध्ये त्यातल्या इथेरियम या चलनाने ती पद्धतच सोडली आणि राबलेली कार्डं ढिगाने बाजारात आली. कार्डाकडे बघून काही कळत नाही. पंखा डगडगतो का, स्क्रूच्या खाचा झिजल्यात का, एवढंच आपण बघायचं आणि कळल्यासारखी मान हलवायची.

"घरगुती वापरातलं आहे, काका," काउंटरवरचा मुलगा म्हणाला. पूर्वी जुनी स्कूटर विकताना 'डॉक्टरांची गाडी' म्हणत, त्या जातीचं वाक्य. १०५० टीआय, कडेला जोडणी नाही, साडेचार हजार. मी चार म्हणालो. त्याने दुसरं कार्ड काढून काचेवर ठेवलं. "हे बघा, १६६० सुपर. थोडे पैसे वाढवा, एसएमपीएस मी देतो बदलून. पुढे मशीन बदललं तरी कामाला येईल. जरा पुढचा विचार करून घ्या ना."

"नको," मी म्हणालो. "बेताचंच दे. आता कुठे वाढायचंय."

तो हसला. मीही हसलो. चार हजार दोनशेला ठरलं. कार्ड पिशवीत घालून निम्म्या रस्त्यात आलो आणि मंडईच्या गर्दीत उगाचच थांबलो. मागचा हातगाडीवाला बोलला काहीतरी, बरोबरच बोलला. बाबा तेव्हा बेचाळीसचे होते. मी सत्तेचाळीस.

संध्याकाळी कॅबिनेट पुन्हा आडवं केलं. कार्ड खाचेत दाबलं, बारीक 'टक' झालं. आई खुर्ची ओढून बसली. तिला यातलं काही बघायचं नसतं, पण उघडलेलं काहीही असलं की ती बसते. स्क्रूसाठी पिशवी घेतली तशी म्हणाली, "ही तुझी सहावीतली ना? फुकट गेलं ते कापड. सोडायचीच गरज नव्हती एवढी." मग थोड्या वेळाने, "पण यांना कोण सांगणार."

बटण दाबलं. नवा पंखा फिरला, जुना फिरला, पडदा उजळला. आई पुढे वाकून बघत होती.

"काय वेगळं दिसतंय?"

मी पाहिलं. मागचं चित्र तेच, डाव्या हाताच्या फायली त्याच, कोपऱ्यातलं घड्याळ तेच.

"काही नाही. तेच दिसतंय."

"मग बरंय," ती म्हणाली आणि कुकर लावायला उठली.